किरकोळ खात्यातील मोठी रक्कम

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘किरकोळ’ हा शब्द पहिल्या वर्षापासूनच भेटतो. किरकोळ व्यापार, किरकोळ खर्च, किरकोळ रोकड वही. ज्या खर्चाला वेगळे खाते उघडण्याइतके महत्त्व नाही, तो किरकोळ. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील वाचकांना मात्र याच शब्दाच्या तोंडवळ्याचा दुसरा एक शब्द आठवेल : ‘किरुकुळ’. कन्नडमध्ये त्याचा अर्थ जाच, छळ. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाच्या बातमीत कन्नड वर्तमानपत्रे ‘लैंगिक किरुकुळ’ असेच छापतात. आमच्या घरी वडिलांकडून कन्नड आणि आईकडून मराठी अशा दोन्ही भाषा चालतात. त्यामुळे हे दोन शब्द माझ्या कानांवर लहानपणापासून शेजारी शेजारी पडत आले. त्यांचे नाते नेमके काय, ते भाषेच्या प्राध्यापकांनी सांगावे. मला एवढेच म्हणायचे आहे की, कामगारांच्या छळाचा सारा प्रश्न या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. करणारा ज्याला किरकोळ म्हणतो, तेच सोसणाऱ्याच्या दृष्टीने किरुकुळ असते.

नोकरी करणाऱ्या माणसाचे हक्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेतन, बोनस, कामाचे तास येतात. त्यांचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. पण अपमान, पक्षपात आणि रोजचा जाच यांचा हिशेब कसा मांडायचा? कायद्याने तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे काय? केला असेल तर तो सामान्य कामगाराच्या हाती कितपत येतो? या प्रश्नांची सोप्या भाषेत उत्तरे देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

सावली आणि बडोदे

माझे मामा नोकरीनिमित्त बरीच वर्षे गुजरातमधील सावली येथे राहतात. सावली हे बडोद्यापासून तीसेक किलोमीटरवर असलेले तालुक्याचे गाव. मराठी माणसाला हे नाव ऐकून झाडाची आठवण होते. पण या गावाचा मराठी इतिहासाशीही संबंध आहे. गायकवाड घराण्याचा गुजरातेत जम बसविणारे पिलाजीराव गायकवाड यांचा १७३२ मध्ये डाकोरला खून झाला आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते सावलीला. पुढे सावली बडोदे संस्थानात होती. आज या तालुक्याची ओळख कारखान्यांमुळे आहे. मंजुसरची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात येते. दिल्ली मेट्रोचे डबे येथे बनले आणि दिल्ली-मेरठ मार्गावरील जलद प्रादेशिक रेल्वेची पहिली गाडी २०२२ मध्ये येथूनच बाहेर पडली. सकाळच्या पाळीला बडोद्याकडून येणाऱ्या बसगाड्या भरून जातात. त्यांत गुजराती, मराठी, हिंदी अशा सर्व भाषा ऐकू येतात.

बडोद्याचे नाव निघाले की कामाच्या ठिकाणच्या भेदभावाची आपल्या देशातील सर्वांत परिचित घटना आठवणे अपरिहार्य आहे. ती घडली एका हिशेब खात्यात, म्हणून वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी तर ती विशेष लक्षात ठेवावी.

१९१७ सालचे हिशेब खाते

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर १९१७ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते करार पाळण्यासाठी बडोद्याला आले. महाराजांनी त्यांना लष्करी सचिव नेमले होते, असे चरित्रकार सांगतात. स्वतः आंबेडकरांनी आपण अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार होतो, असे लिहिले आहे. अर्थशास्त्रात एवढे उच्च शिक्षण घेतलेला माणूस त्या काळी साऱ्या देशात विरळा. पण कचेरीत त्यांची पदवी कोणी पाहिली नाही, पाहिली ती जात.

पुढे काय घडले ते आपण खतावणीसारखे ओळीने मांडू. शिपाई कागदपत्रे हातात न देता लांबून टेबलावर टाकीत. ते जाऊ लागले की जाजम गुंडाळून घेतले जाई. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. शहरात राहायला कोणी जागा देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. खरी जात कळताच अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्यांना तेथून बाहेर काढले. दोन मित्रांकडे आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. शेवटी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. दहा वर्षांची नोकरी दोन आठवड्यांच्या आत संपली. हा अनुभव त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवला. बागेतील ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते.

वरच्या यादीतील कचेरीपुरत्या नोंदी पुन्हा वाचून पाहाव्यात. एक फाईल टाकली. एक जाजम गुंडाळले. पाण्याचा एक पेला दिला नाही. प्रत्येक नोंद सुटी घेतली तर कचेरीतील कोणीही म्हणाला असता, “एवढ्या किरकोळ गोष्टीवरून कोणी नोकरी सोडते काय?” परंतु बेरीज एवढी मोठी झाली की एका संस्थानाने आपला सर्वांत विद्वान हिशेबनीस गमावला.

चांगला मालक पुरेसा का पडत नाही?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सयाजीराव हे जुलमी मालक नव्हते. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. आपल्या सीमाभागातील जमखंडीचे सुपुत्र महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या शिक्षणाला त्यांनी साहाय्य केले, आणि शिंदे यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षस्थानही भूषविले. असा मालक असूनही त्याच्याच कचेरीतील शिपाई फाईल फेकत राहिला!

याचे कारण असे की, महाराजांची सदिच्छा आणि शिपायाचा हात यांच्यामध्ये कोणतीही यंत्रणा नव्हती. आंबेडकरांनी सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. तो कोणी निकालात काढावा, किती दिवसांत काढावा, न काढल्यास जबाबदार कोण, हे कोठेच ठरलेले नव्हते. तक्रारदाराला कोणी ‘नाही’ म्हणाले नाही. फक्त उत्तर आले नाही. मालक किती भला आहे हे विचारण्याआधी तक्रारीचा रस्ता कोणता आणि तिला मुदत किती, हे विचारावे, असे बडोद्याचे हे उदाहरण सांगते. गेल्या शंभर वर्षांतील कायद्यांची वाटचाल म्हणजे हा रस्ता हळूहळू बांधण्याची वाटचाल होय.

हा रस्ता समजण्यासाठी प्रथम भेदभाव, लैंगिक छळ आणि दादागिरी या तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. बोलताना आपण तिन्हींना ‘त्रास’ म्हणतो. पण कायद्यात प्रत्येकीचे दार निराळे आहे.

भेदभाव

कामाशी संबंध नसलेल्या कारणावरून एखाद्याला कमी लेखणे, कमी देणे किंवा वगळणे म्हणजे भेदभाव. जात, धर्म, लिंग, अपंगत्व ही अशी कारणे.

मुंबईच्या कापड गिरण्यांतील उदाहरण पाहा. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, मजुरी चांगली मिळे. पण तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्या उष्ट्या धोट्याचा इतरांना विटाळ होईल, असे कारण सांगत. हा नियम कोणत्याही मालकाने लेखी काढलेला नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे ज्यांच्याकडून भेदभाव होत होता, त्यांत मालकांइतकेच सहकारी कामगारही होते. आपण कामगारांच्या हक्कांविषयी बोलताना ही अडचणीची बाजू सहसा विसरतो.

राज्यघटनेने १९५० पासून या बाबतीत पाया घातला. कलम १६ ने सरकारी नोकरीत समान संधी दिली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि हे कलम सरकारपुरते मर्यादित नसून खासगी व्यक्तींनाही लागू आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९५५ चा कायदा झाला. तो आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्यातील गुन्ह्यांची यादी वाचताना १९१७ चे बडोदे डोळ्यांपुढे येते. अस्पृश्यतेच्या कारणावरून धर्मशाळेत प्रवेश नाकारणे, पाणी घेऊ न देणे, वस्तीत राहू न देणे, नोकरी किंवा धंदा करण्यास आडकाठी करणे, हे सारे आज शिक्षेस पात्र आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा चारचौघांदेखत हेतुपुरस्सर अपमान करणे हाही गुन्हा ठरविला.

स्त्रियांच्या बाबतीतही न्यायालयांनी काम केले. कोडगूच्या सी. बी. मुथम्मा या परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या भारतीय महिला. त्या सेवेत स्त्रीने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असा नियम होता, पुरुषाला नव्हता. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायालयाने अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत महिला लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार मिळे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समान वेतनाचा निर्णय दिला आणि कंपनीची आर्थिक स्थिती बेताची आहे ही सबब मान्य केली नाही. समान वेतनाचा १९७६ चा कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेत त्याचा समावेश झाला आहे. त्याच किंवा त्यासारख्याच कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करण्यास ही संहिता मनाई करते. याखेरीज अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा आणि एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा कायदा नोकरीतील भेदभावाला मनाई करतो, आणि हे दोन्ही कायदे खासगी नोकरीलाही लागू होतात.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. घटनेतील समान संधीचे कलम मुख्यतः सरकारला बांधते. खासगी कारखान्यातील प्रत्येक प्रकारच्या भेदभावाला पुरून उरेल असा एकच सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. भाषेवरून किंवा प्रांतावरून हिणवले गेलेल्या खासगी कामगाराला म्हणूनच दुसरे दार शोधावे लागते.

लैंगिक छळ

राजस्थानातील एका गावी १९९२ मध्ये सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या एका ‘साथिन’ने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. ती आपले नेमून दिलेले काम करीत होती. तरी तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाचीच नव्हती. या घटनेनंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ खटल्यात न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांवर आधारलेला कायदा यायला मात्र २०१३ साल उजाडले.

या कायद्याचे महत्त्व असे की, १९१७ मध्ये नसलेला तक्रारीचा रस्ता यात मुदतींसह आखून दिला आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजावेत. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, आणि मालकाची कारवाई ६० दिवसांत व्हावी. समितीच न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही तिच्याकडे जाता येते.

केवळ अंगाला हात लावला तरच छळ, असा एक गैरसमज आहे. अश्लील शेरे, चित्रे दाखविणे, शरीरसुखाची मागणी, नकोसे हावभाव हे सर्व त्यात येते. आणि कायमच्या नोकरांनाच हे संरक्षण आहे, हा दुसरा गैरसमज. कंत्राटी, हंगामी, शिकाऊ, बिनपगारी अशा सर्व स्त्रिया यात मोडतात. कंपनीच्या बसमध्ये घडलेली घटनाही कामाच्या ठिकाणचीच मानली जाते.

न्यायाची दुसरी बाजूही याच कायद्यात आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही आपले म्हणणे मांडण्याची पुरी संधी मिळते. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास कारवाई होऊ शकते. पण पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

दादागिरी

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. त्यात जात नसते, लैंगिक हेतू नसतो. असते ती केवळ सत्तेची रग. माझ्या मामेबहिणीचे उदाहरण देते. सावली तालुक्यातील एका कारखान्यात ती कंत्राटी म्हणून पॅकिंगच्या कामाला होती. तेथील सुपरवायझरने तिची बसण्याची खुर्ची काढून घेतली. ती स्वच्छतागृहात गेली की किती मिनिटे लागली ते तो सर्वांदेखत मोठ्याने सांगे. तिच्या गुजरातीला मराठी हेल येतो म्हणून तिची नक्कल करी. पाळी ऐन वेळी बदली. ती कंत्राटदाराकडे गेली तर तो म्हणाला, “कंपनीत सांगा.” कंपनीत गेली तर उत्तर मिळाले, “तुम्ही कंत्राटदाराच्या, त्यांना सांगा.” पाच महिन्यांनी तिने नोकरी सोडली. नातेवाइकांचे म्हणणे एकच : किरकोळ कारणावरून बारा-तेरा हजारांची नोकरी घालवली!

सुट्टीत मी तिच्याकडे गेले तेव्हा आम्ही दोघींनी वही घेऊन सर्व घटना लिहायला घेतल्या. घटना तिला अठरा आठवल्या. तारखा आठवल्या दोन. नियुक्तिपत्र तिला कधी मिळालेच नव्हते. साक्षीदार म्हणून ज्या मैत्रिणींची नावे तिने सांगितली, त्या अजून तेथेच कामाला आहेत आणि त्यांनाही घर चालवायचे आहे.

अशा दादागिरीविरुद्ध आपल्या देशात स्वतंत्र कायदा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा व छळाविषयी करार क्रमांक १९० संमत केला. त्यात शारीरिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक अशा सर्व प्रकारची हानी एकत्र धरली आहे. आणि तसे वर्तन एकदा घडले काय किंवा अनेकदा घडले काय, दोन्ही छळच मानला आहे. ही कल्पना आपल्या कायद्यात पूर्णपणे उतरलेली नाही.

तरीही सर्व दारे बंद आहेत, असे समजू नये. वेतन संहितेबरोबरच अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तीत मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. कामगाराला आपली वैयक्तिक तक्रार कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत तेथे नेता येते आणि समितीने ३० दिवसांत काम पुरे करावे, अशी अपेक्षा आहे. निर्णय न पटल्यास किंवा तो मुदतीत न लागल्यास युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. सूडबुद्धीने कामावरून काढणे, धोरणाचा आव आणून दुष्ट हेतूने बदली करणे, या अनुचित कामगार प्रथा ठरतात. मारहाण, धमकी असे प्रकार घडल्यास पोलिसांत जाण्याचा मार्ग आहेच. शिवाय प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देण्याचे बंधन नव्या संहितेने घातले आहे. हा कागद साधा दिसतो. पण आपला मालक कोण, हे तो सांगतो. माझ्या मामेबहिणीला कंपनी आणि कंत्राटदार यांच्यात जो चेंडू व्हावे लागले, त्याला पहिला अडसर म्हणजे हा कागद.

नोंद कशी ठेवावी?

हिशेबशास्त्रात आम्हांला पहिल्याच तासाला शिकवतात की व्यवहार घडला त्याच दिवशी नोंदवावा आणि व्हाउचरशिवाय नोंद करू नये. छळाच्या बाबतीतही हाच नियम उपयोगी पडतो, कारण वर सांगितलेल्या प्रत्येक दाराशी पहिला प्रश्न एकच असतो : केव्हा घडले आणि कशावरून?

म्हणून एक साधी वही करावी. तारीख, वेळ, जागा, काय घडले, शब्द काय वापरले, जवळ कोण होते, एवढे रकाने पुरेत. आपले मत लिहू नये. घडलेली गोष्ट लिहावी. “तो वाईट वागला” या वाक्याचा उपयोग नाही. “सकाळी ११ वाजता चौघींसमोर खुर्ची उचलून नेली” या वाक्याचा आहे. ही वही घरी ठेवावी. पाळीचे तक्ते, संदेश, वेतनचिठ्ठ्या जपाव्यात. ती आपली व्हाउचरे. तक्रार तोंडी करू नये. लेखी करावी, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि तीन महिने व एक वर्ष या दोन मुदती विसरू नयेत. अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश कामाच्या जागी ठळकपणे लावणे मालकावर बंधनकारक आहे. तो कोठे लावला आहे ते रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवावे.

पण एवढ्याने भागत नाही. वही लिहिणारीच्या जोडीला, “होय, मी पाहिले” असे म्हणणारे एक तरी माणूस लागते. बडोद्याच्या कचेरीत ती फाईल पडताना पाहणारे कारकून किती तरी असतील. त्यांतील एकानेही उठून ती फाईल हातात दिल्याची नोंद आपल्याला सापडत नाही. मित्रांनी तर सबबी सांगितल्या. युनियन असेल तेथे हे काम सोपे होते, कारण तेथे एकटीचे नाव पुढे येत नाही. युनियन नसेल तेथे दोघी-तिघींनी मिळून सही केलेली तक्रारसुद्धा पुष्कळ जड होते.

आपण पेनाच्या कोणत्या बाजूला?

या अंकाचे वाचक बहुतेक विद्यार्थी आणि प्राध्यापक आहेत. आपल्यापैकी काही जण उद्या कामगार होतील. पण वाणिज्य शाखेचे बरेच जण हिशेबनीस, व्यवस्थापक, हिशेबतपासनीस म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतील. पाळीचा तक्ता आपण लिहू. कंत्राटदाराचे बिल आपण मंजूर करू. तक्रारीच्या अर्जावर पोच द्यायची की तो पुढच्या टेबलाकडे सरकवायचा, हे आपल्या हाती असेल. दिवाणांच्या कचेरीत फिरत राहिलेला तो अर्जही कोणी तरी सुशिक्षित माणसेच फिरवीत होती.

किरकोळ खर्चाचा आकडा वर्षाअखेरीस फुगलेला दिसला की चांगला हिशेबतपासनीस थांबतो आणि ती रक्कम फोडून दाखवा म्हणतो. कारण मोठे गैरव्यवहार पुष्कळदा याच मथळ्याखाली दडलेले असतात, हे त्याला ठाऊक असते. सहा महिन्यांत एकाच खात्यातील चार मुली नोकरी सोडून गेल्या आणि चौघींच्या कागदावर ‘वैयक्तिक कारण’ लिहिलेले दिसले, तर आपणही तेथे थांबावे आणि विचारावे. एवढी सवय आपण या महाविद्यालयातून बरोबर नेली तरी आपल्या पदवीचा कोणाला तरी उपयोग होईल.

मामेबहिणीला आता दुसरीकडे काम मिळाले आहे. नियुक्तिपत्र मिळाल्याचे तिने फोनवर सांगितले, आणि वहीही घेतली म्हणाली. अजून तिच्यात काही लिहावे लागलेले नाही. ती तशीच कोरी राहो.